खडबडीत रस्ता आणि सायकलचें चाक

बैलगाडीच्या धावेनें रस्त्यांत चाकोरी पडते, आणि एकदां पडलेली चाकोरी मागून येणाऱ्या चाकाला वाट दाखविते. चाक रस्त्याला घडवितें कीं रस्ता चाकाला, या प्रश्नाचें उत्तर सायकलच्या इतिहासांत जितकें स्पष्ट मिळतें तितकें दुसरीकडे क्वचितच मिळेल. घोडेस्वाराला खालचे धोंडे घोड्याच्या खुरांमार्फत कळतात. गाडींत बसणाराला ते कमानींमार्फत कळतात. सायकलस्वाराला असा मध्यस्थ नाहीं. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्याला मनगटांत आणि पाठीच्या कण्यांत मोजावा लागतो. म्हणूनच रस्त्याविषयीं त्याच्याइतक्या कळकळीनें तक्रार करणारे थोडेच झाले, आणि त्या तक्रारीचें निवारणही बऱ्याच अंशीं त्यानेंच घडवून आणलें.

ही तक्रार दुचाकीच्या जन्माइतकीच जुनी आहे. १२ जून १८१७ रोजीं जर्मनींतील मॅनहाइम शहराहून कार्ल फॉन ड्रेस हा आपल्या दोनचाकी लांकडी यंत्रावर बसून श्वेट्झिंगेनच्या वाटेनें निघाला आणि वाटेंतील टप्प्यास शिवून सुमारें तासाभरांत परत आला. त्या यंत्राला पायटे नव्हते. जमिनीवर पाय रेटीत पुढें जावयाचें. चांगल्या सडकेवर तें सुरेख धांवे. पण गाड्यांच्या चाकोऱ्यांनीं उखडलेल्या वाटेवर त्याचा तोल सांभाळणें कठीण होई. म्हणून स्वार पादचाऱ्यांच्या पदपथांवर चढले. पादचारी संतापले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मॅनहाइममध्यें पदपथावर हें यंत्र चालविण्यास बंदी झाली.

पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढल्या चाकाला पायटे लावलेली दुचाकी निघाली. तिच्या लांकडी चाकांवर बैलगाडीप्रमाणें लोखंडी धाव चढविलेली असे. दगडी फरसबंदीवर ती इतकी आदळे कीं, इंग्रजांनीं तिला ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असेंच नांव ठेवलें. ७ नोव्हेंबर १८६९ रोजीं पॅरिसपासून रूआंपर्यंत १२३ किलोमीटरांची शर्यत झाली. ती जेम्स मूर यानें जिंकली. पण त्यालाही साडेदहा तासांच्या आसपास वेळ लागला. म्हणजे विजयी वीराची गति ताशीं सुमारें १२ किलोमीटर होती.

हादऱ्यांवर कारागिरांनीं काढलेला पहिला तोडगा म्हणजे चाक मोठें करणें. लहान चाक खळग्यांत उतरतें. मोठें चाक त्याच्या कांठांवरून निघून जातें. शिवाय पायट्याच्या एका फेऱ्यांत मोठें चाक अधिक अंतर कापतें. या दुहेरी लाभासाठीं १८७० नंतर तारांच्या आऱ्यांचीं, भरीव रबरी धावेचीं उंच चाकें प्रचारांत आलीं. परंतु उपायांतूनच अपाय निघाला. उंच चाकापुढें एखादा धोंडा आडवा आला कीं, स्वार हँडलवरून थेट डोक्यावर आपटे. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली. तिचीं चाकें बेताचीं होतीं आणि मागलें चाक साखळीनें फिरे. डोकें फुटण्याचें भय पुष्कळ कमी झालें. पण लहान चाकांबरोबर जुने हादरेही परत आले.

हा पेंच सोडविला तो एका गुरांच्या डॉक्टरानें. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा. बेलफास्ट शहरांत तो पशुवैद्याचा धंदा करी. त्याच्या मुलाच्या तीनचाकीचीं भरीव रबरी चाकें तेथील दगडी रस्त्यांवर खडखडत. डनलॉपनें लांकडाच्या एका तबकडीभोवतीं रबराची नळी बसविली, तिच्यावर कापड ताणलें आणि फुटबॉलच्या पंपानें तींत हवा भरली. मग हें चाक आणि तीनचाकीचें भरीव चाक अशीं दोन्ही त्यानें अंगणांत ढकलून पाहिलीं. भरीव चाक मध्येंच पडलें. हवेचें चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलें आणि फाटकावर आपटून उलट आलें. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्रीं मुलानें नव्या चाकांच्या तीनचाकीवरून पहिली फेरी मारली.

या लहानशा प्रयोगांतील मर्म समजून घेण्यासारखें आहे. भरीव चाक खड्यावर चढतें तेव्हां स्वारासह सारी गाडी उचलली जाते आणि लगेच खालीं आदळते. उचलण्यांत खर्चलेली शक्ति धक्क्याच्या रूपानें वायां जाते. हवेचें चाक खड्याला पोटांत घेतें. टायरचा तेवढाच भाग दबतो आणि पुन्हां फुगतो. त्यामुळें जें साधन सुखासाठीं शोधिलें तेंच वेगाचेंही साधन ठरलें. १८ मे १८८९ रोजीं बेलफास्टच्या क्रीडामहोत्सवांत विली ह्यूम हा असे टायर लावून उतरला आणि सायकलच्या चारही शर्यती त्यानें जिंकल्या.

गंमत अशी कीं, ही कल्पना मुळांत नवी नव्हती. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश एंजिनियरानें १८४५ मध्येंच हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें आणि १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कांत घोडागाड्यांना तीं चाकें लावून दाखविलीं होतीं. त्या जुन्या पेटंटामुळें डनलॉपचें मूळ पेटंट पुढें रद्द झालें. टॉमसनला मात्र गिऱ्हाईक लाभलें नाहीं. घोडागाडींतल्या उतारूला हादरे सोसवत होते; ज्याला ते सोसवणार नव्हते तो सायकलस्वार अजून जन्मास यावयाचा होता.

डनलॉपच्या टायरला एक खोड होती. तो कडीला चिकटविलेला असे. त्यामुळें पंक्चर काढण्यास तासन्‌तास लागत. फ्रान्समधील मिशलिन बंधूंनीं सुटा करतां येणारा टायर काढला, आणि सप्टेंबर १८९१ मध्यें पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ यानें त्याच टायरांवर ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. श्रोत्यांनीं मूरच्या शर्यतीशीं ही ताडून पाहावी. अंतर जवळजवळ दसपट झालें, आणि तरीही गति दीडपटीच्या घरांत गेली.

चाक सुधारलें, रस्ता मात्र होता तेथेंच राहिला. इंग्लंडांत तर तो मागें गेला होता. आगगाडी आल्यावर लांब पल्ल्याच्या घोडागाड्या बंद पडल्या, नाक्यांवरचा टोल आटला आणि हमरस्त्यांची निगा राखण्यास कोणी वाली उरला नाहीं. १८८५-८६ च्या सुमारास सायकलस्वारांच्या दोन संस्थांनीं मिळून रस्ते सुधारण्यासाठीं एक संघ स्थापन केला. अमेरिकेंत १८८० मध्यें स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या लीगनें १८९२ मध्यें ‘गुड रोड्स’ हें मासिक काढलें. शहरी लोकांच्या हौसेसाठीं आपण कर कां द्यावा, असें तेथील शेतकरी विचारीत. लीगनें त्यांना त्यांचाच हिशेब मांडून दाखविला: चिखलांत रुतलेल्या गाडीमुळें माल बाजारांत पोहोंचत नाहीं, हा कर शेतकरी रोज भरीतच असतो. १८९३ मध्यें अमेरिकन सरकारनें शेतकी खात्यांत रस्त्यांच्या चौकशीची एक लहानशी कचेरी उघडली. तिला १०,००० डॉलर मंजूर झाले.

पुढें डांबर आलें. १९०२ मध्यें एडगर हूली या सर्व्हेअरानें डांबर आणि लोखंडाच्या भट्टींतील मळी यांच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. १९१० मध्यें ब्रिटनमध्यें रस्त्यांसाठीं एक बोर्ड नेमलें गेलें; त्याचा सेक्रेटरी विल्यम रीस जेफ्रीज हा सायकलस्वारांच्या चळवळींतूनच पुढें आलेला होता. परंतु रस्ता सपाट होतांच मोटारीनें तो व्यापला, आणि ज्यांनीं तो मागून घेतला तेच त्याच्या कडेला लोटले गेले.

जग कांहीं एका दिवसांत डांबरी झालें नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, मेसोपोटेमिया आणि सीरिया या देशांतील ओसाड प्रदेशांतून त्यांनीं वाट काढली. सहांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनीं सुमारें ७०,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा केला आणि १८ मार्च १९२८ रोजीं ते मुंबईस परतले. बेलफास्टच्या अंगणांत झालेली परीक्षा त्यांनीं जगाच्या अंगणांत दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खडबडीत रस्ता नाहींसा होऊं लागला तेव्हां त्याची आठवण जपणारेही सायकलस्वारच निघाले. उत्तर फ्रान्समधील रूबे या कापडगिरण्यांच्या शहरांतील दोन कारखानदारांनीं १८९६ मध्यें पॅरिसहून तेथवर शर्यत सुरू केली. पहिला मान जोसेफ फिशर या जर्मन स्वाराला मिळाला. पहिल्या महायुद्धानें हा सारा मुलूख उद्ध्वस्त झाला. १९१९ मध्यें शर्यतीचा मार्ग पाहावयास गेलेल्या पत्रकारांनीं त्याला ‘उत्तरेचा नरक’ म्हटलें, आणि तें नांव कायमचें चिकटलें. दुसऱ्या महायुद्धानंतर गांवोगांवच्या दगडी वाटांवर डांबर पडूं लागलें. १९६५ मध्यें शर्यतींत दगडी वाटेचे अवघे २२ किलोमीटर उरले. तेव्हां जुन्या वाटांचा शोध सुरू झाला. झाँ स्ताब्लिन्स्की या नाणावलेल्या स्वारानें आरेनबेर्गच्या रानांतील दगडी वाट सुचविली, आणि १९६८ मध्यें तिचा शर्यतींत समावेश झाला. त्या वाटेखालच्या कोळशाच्या खाणींत तो पूर्वीं मजुरी करीत असे. पुढें या वाटांची डागडुजी करणारी शर्यतप्रेमींची एक संस्थाही निघाली. दगड नीट बसवावयाचे. पण वाट सपाट मात्र करावयाची नाहीं, असें हें विलक्षण व्रत आहे.

या शर्यतींत अलीकडे स्वार तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर लावतात आणि त्यांत हवा बेतानें भरतात. डनलॉपच्या अंगणांतला धडा असा पुन्हां गिरविला जातो. विजेत्याला चषकाऐवजीं फरसबंदीचा एक दगड देतात. ज्या दगडाच्या त्रासानें टायर जन्मला, तोच दगड आतां बक्षीस म्हणून डोक्यावर धरला जातो.

डांबरी सडकेवर मागून येणारी मोटार कर्णा वाजवून सायकलस्वाराला कडेला घेते. ती सडक प्रथम कोणाच्या तक्रारीनें सपाट होऊं लागली, एवढें तरी त्या क्षणीं मोटारींतल्या माणसानें आठवावें.