कुंडलिकेचे उसने पाणी

कोकणातील नद्यांचे वाहते आयुष्य अल्प असते. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात कोसळणारे पाणी त्या काही प्रहरांतच समुद्राच्या स्वाधीन करतात, आणि शिमगा उलटला की त्यांच्या पात्रांत उघडे पडलेले कातळ, त्यांवर वाळून गेलेले शेवाळ आणि कोठे कोठे डोहांत साचून राहिलेले हिरवट पाणी एवढेच उरते. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहे. वैशाखाच्या उन्हाने भिऱ्याचा परिसर भाजून निघत असतानाही रवाळजे आणि साजे या गावांच्या खाली ही नदी सकाळच्या प्रहरी एकाएकी फुगते. तिच्या फेसाळ प्रवाहावर रबरी तराफे सोडले जातात, आणि मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेली मंडळी वाटाड्याच्या देखरेखीखाली अर्ध्या दिवसाची सफर करून दुपारच्या जेवणाला कोलाडात हजर होतात. या खेळाला राफ्टिंग म्हणतात, आणि कोलाडचे नाव आज महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले आहे ते मुख्यतः त्यामुळेच.

तराफ्यात बसणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की आपण कुंडलिकेच्या पाण्यावरून चाललो आहोत. वस्तुस्थिती निराळी आहे. पावसाळा वगळता त्या तराफ्यांना उचलून धरणारे पाणी प्राधान्येकरून मुळा नदीचे असते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर पडलेले, आणि स्वभावतः मुळा-मुठा, भीमा, कृष्णा या मार्गाने पूर्वसमुद्राकडे जावयाचे ते पाणी डोंगराच्या पोटातून उलट दिशेस वळवून कोकणात पाडले जाते. म्हणून या अर्ध्या दिवसाच्या सफरीचा इतिहास सांगावयाचा तर तो कोलाडपासून आरंभून चालत नाही. त्यासाठी घाट चढून मुळशीला जावे लागते.

तत्पूर्वी जुन्या कुंडलिकेविषयी थोडे सांगितले पाहिजे. कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात ही नदी आढळते ती मुख्यत्वे रोह्याची खाडी म्हणून. तिच्या मुखाशी एका तीरावर चौल-रेवदंड्याचे प्राचीन बंदर, तर दुसऱ्या तीरावर कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला, आणि त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज वळणाची एक बोली आजतागायत घरोघर बोलली जाते. भरतीच्या पाण्याबरोबर मचवे आणि पडाव रोहे-अष्टमीपर्यंत येत आणि मीठ, भात, लाकूड यांची उलाढाल करून ओहोटीबरोबर परत फिरत. नावाड्याची विद्या होती ती या खारट पाण्यापुरती. रोह्याच्या वर नदी खडकाळ होत जाई, आणि तेथे होडी घालण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पावसाळ्यात पुराचे भय आणि उन्हाळ्यात उघडी वाळू. तात्पर्य, ज्या पट्ट्यात आज तराफे धावतात त्या पट्ट्यास जलवाहतुकीची कोणतीही परंपरा नाही.

सह्याद्रीच्या कड्याचा आणि त्यावर पडणाऱ्या पावसाचा मेळ घालून वीज निर्माण करावी ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती; १९०४ साली त्यांचे निधन झाल्यानंतर ती त्यांच्या पुत्रांनी सिद्धीस नेली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे विद्युद्गृह १९१५ साली चालू झाले आणि मुंबईच्या कापडगिरण्यांची चाके कोळशाच्या धुराशिवाय फिरू लागली. पाठोपाठ १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. या तीन विद्युद्गृहांतून बाहेर पडणारे पाणी अनुक्रमे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या तीन नद्यांना मिळते, आणि त्या तीनही नद्या त्या दिवसापासून बारमाही झाल्या. पुढे कोयनेचे पाणी पोफळीला उतरवून वाशिष्ठीत सोडले गेले तेही याच तत्त्वावर. घाटमाथ्याचे पाणी कड्यावरून एकदम खाली टाकले की थोड्या पाण्यात पुष्कळ वीज मिळते. मुळशीचा तलाव आणि भिऱ्याची जनित्रे यांच्या पातळीत सुमारे ५०० मीटरांचे अंतर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या स्थळाची अभियंत्यांना पडलेली मोहिनी समजते.

परंतु तलाव म्हटला की बुडीत आले. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ बांधावयाच्या धरणाखाली मुळशी पेट्यातील पन्नासेक गावे आणि त्यांची भातखाचरे जावयाची होती. ते खोरे आंबेमोहोराचे. तेथील मावळ्यांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारमार्फत कंपनीकडे जाणार होती, आणि संपादनाचे पुरते सोपस्कार होण्यापूर्वीच शेतांतून चर खणले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून लोकांस जागे केले. १९२१ च्या रामनवमीस स्त्रियांमुलांसह शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना उद्देशून लिहिले. काही महिने काम बंद राहिले, नंतर ते बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले, आणि सत्याग्रहींची तुरुंगाकडे रीघ लागली.

या लढ्याचे नेतृत्व पुढे पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले आणि त्यांच्या नावामागे 'सेनापती' ही पदवी लागली ती येथेच. पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून आलेल्या या पुरुषाने आरंभी निःशस्त्र प्रतिकाराची शिस्त मानली. पण सारे उपाय हरल्यावर धरणाचे सामान वाहून नेणारी आगगाडी अडवून हल्ला केला आणि दीर्घ कारावास पत्करला. १९२४ सालाच्या अखेरीपर्यंत लढा विझला होता. तो विझण्यास एक अंतर्गत कारणही होते, आणि ते सांगावयास आपल्याकडचे लेखक काहीसे संकोचतात असे मला वाटते. मुळशीच्या पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा खरेदीखताने गेलेल्या होत्या. सावकाराला रोख मोबदला मिळाला की त्याचे समाधान होणार होते. जमीन कसणाऱ्या कुळाला मात्र त्या रोकडीत वाटा नगण्य, आणि जमीन गेल्यावर दुसरा आधार नाही. मोबदला घेणारा आणि जमीन गमावणारा हे दोन निरनिराळे इसम असले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा होतो, न्यायाच्या दृष्टीने होत नाही. मुंबईस वीज हवी होती हे खरे, आणि त्या विजेने मुंबईचे भले झाले हेही खरे. तथापि त्या भल्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली त्यांना त्या सौद्यात बोलण्याचा अधिकार मिळाला नाही, हे शंभर वर्षांनंतरही तितकेच खरे आहे.

धरण झाले. तलावाचे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून आणि पुढे कड्यावरून उतरणाऱ्या पोलादी नळांतून भिऱ्यास येऊ लागले. मूळच्या १५० मेगावॅटांच्या जोडीला विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे १५० मेगावॅटांचा आणखी एक संच उभा राहिला. त्याचे वैशिष्ट्य असे की विजेची मागणी ओसरलेली असताना तो खालचे पाणी पुन्हा वरच्या तलावात चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली घेऊन वीज देतो. जनित्रांतून सुटलेल्या पाण्याला आपल्या पाटबंधारे खात्यात 'अवजल' म्हणतात. हे अवजल भिऱ्याच्या खाली अडवून त्यावर शासनाने ४० मेगावॅटांचे दोन संच रवाळजे येथे बसविले, आणि तेथून सुटलेले पाणी मोकळ्या नदीपात्रात येते. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते पुन्हा अडते आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांनी रोहे-माणगावकडच्या उन्हाळी भाताला जाते. धाटावच्या कारखान्यांची तहानही हीच नदी भागविते. रवाळजे आणि डोलवहाळ यांच्या दरम्यानचा बारा-एक किलोमीटरांचा जो उतरता, खडकाळ आणि मोकळा तुकडा शिल्लक राहिला, तेच राफ्टिंगचे क्षेत्र.

संच चालू झाले की नदी चढते, बंद झाले की उतरते. म्हणून सफरीचे वेळापत्रक पंचांगावर अवलंबून नसते, हवामानावरही फारसे नसते. ते विद्युद्गृहाच्या वेळापत्रकावर असते. दुरुस्तीसाठी संच बंद ठेवले तर लांबून आलेल्या प्रवाशांनाही माघारी जावे लागते. काठावरच्या गावांतील बायाबापड्यांनी धुणी-भांड्यांच्या वेळा केव्हाच या चढउतारावर बसविल्या आहेत. पाणी येण्यापूर्वी पात्रात उतरून पाहिले तर दगडांवर कमरेइतक्या उंचीवर एक काळसर रेघ दिसते. तिच्या खाली शेवाळ ओले, वर कातळ कोरडा. पाणी सुटल्यावर प्रथम गोट्यांमधून बारीक खळखळ ऐकू येते, मग डबक्यांची डबक्यांना गाठ पडते, आणि थोड्याच वेळात ती रेघ पाण्याखाली जाते.

तराफ्याची विद्या मात्र परदेशातून आली. १८६९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळईतून जॉन वेस्ली पॉवेल लाकडी नावा घेऊन गेला, तो प्रदेशाचे संशोधन करण्यासाठी, आणि त्या प्रवासात नावांची व माणसांची फार हानी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले रबरी तराफे बाजारात स्वस्तात आले, आणि खडकावर आपटून न फुटता लवणारे हे वाहन हाती पडल्यावर खळाळ उतरणे हा हौसेचा आणि धंद्याचा विषय झाला. हिंदुस्थानात हा धंदा हृषीकेशच्या गंगेवर १९८० च्या दशकात रुजला. कोलाडला तो आला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि येताना गढवालचे व नेपाळचे वाटाडे घेऊन आला. कारण रोह्याच्या नावाड्याची भरती-ओहोटीची विद्या येथे उपयोगी पडणारी नव्हती. पुढे आसपासच्या वाड्यांतील तरुणांनी त्यांच्या हाताखाली हे काम शिकून घेतले. जगभर खळाळांच्या सहा प्रती मानतात. कुंडलिकेचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे नवख्याला पेलण्याजोगे, परंतु बेफिकिरीला क्षमा न करणारे.

तराफा पाण्यात लोटण्यापूर्वी काठावर जे शिक्षण होते ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे असते. शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकीट यांचे पट्टे वाटाडा एकेकाच्या अंगावर स्वतः ओढून पाहतो. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात कोणत्याही प्रसंगी सोडावयाचा नाही, कारण धक्का बसताच ती मोकळी मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाऊल तराफ्याच्या फुगीर आडव्या नळीखाली अडकवून ठेवावयाचे. 'फॉरवर्ड' म्हटले की सर्वांनी एका लयीत वल्हे मारावयाचे, 'गेट डाउन' म्हटले की आत दबून बसावयाचे. आणि पाण्यात पडलाच तर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून तरंगावयाचे. उभे राहण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की मागून येणारे पाणी माणसाला वाकवून खाली दाबते. खळाळाच्या तोंडाशी दोन खडकांच्या मध्ये पाणी गुळगुळीत, हिरवे आणि निमुळते होत जाते. वाटाडा तराफ्याचे नाक नेमके त्या निमुळत्या टोकावर धरतो, आणि पुढच्या क्षणी पांढऱ्या लाटा अंगावर येतात. भर उन्हाळ्यात ते पाणी इतके गार लागते की श्वास अडखळतो.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणाऱ्याला तर या पाण्याचा उगम वाटेतच दिसतो. रस्ता बराच वेळ मुळशीच्या तलावाच्या कडेकडेने जातो. तेथे गाड्या थांबतात, मक्याची कणसे खाल्ली जातात, छायाचित्रे काढली जातात. तासाभराने घाट उतरून ज्या लाटांवर आपण आरडाओरडा करणार आहोत त्या याच तलावाच्या, आणि या तलावाच्या तळाशी आंबेमोहोराची खाचरे आहेत, हे त्या प्रवाशांना कोणी सांगत नाही. वाटाड्यांच्या प्रास्ताविकात एवढी माहिती आली तर सफरीच्या आनंदात उणेपणा येईल असे मला मुळीच वाटत नाही.

या पाण्याचा वाद अद्याप संपलेला नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात दिलेल्या निवाड्यात पश्चिमेस वळविल्या जाणाऱ्या या पाण्यावर मर्यादा घातली. आणि दुष्काळाचे वर्ष आले की पुणे-सोलापूरकडून मागणी उठते की वीज आता इतर मार्गांनीही होते, तेव्हा भीमेच्या खोऱ्याचे पाणी भीमेच्या खोऱ्याला परत द्यावे. ही मागणी न्याय्य आहे असे माझे मत आहे. परंतु शंभर वर्षांत या पाण्यावर कोकणातही हक्क निर्माण झाले आहेत आणि ते एका हुकुमाने रद्द करता येणार नाहीत. वादाचे दप्तर पुन्हा उघडेल तेव्हा मुंबईचे वीज-ग्राहक, धाटावचे कारखानदार, डोलवहाळच्या कालव्यांवरचे शेतकरी आणि कोलाडचे तराफेवाले आपापले दाखले घेऊन हजर होतीलच. मुळशी पेट्यातील ज्या कुळांना १९२१ साली कोणी विचारले नाही त्यांच्या वारसांनाही तेथे पक्षकार म्हणून उभे करून घेतले पाहिजे, आणि त्यांचे म्हणणे सर्वांच्या आधी नोंदले पाहिजे.