आश्रयाचा जमाखर्च

देवस्थानच्या वार्षिक सभेत अन्नसंतर्पणाचा हिशेब वाचला जातो, तेव्हा तांदूळ किती लागला, नारळ किती फुटले व पाने किती उठली, एवढे महाजनांस सांगितले म्हणजे काम भागते. जेवणारा तृप्त होऊन उठला की अर्धपोटी, हे वहीत लिहिण्याची चाल नाही. तशी गरजही पडत नाही, कारण जेवणारे व वाढणारे एकाच गावचे असतात आणि बोलायचे ते पंगतीतच बोलून मोकळे होतात. परंतु युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या परक्या लोकांस कोणी आश्रय देतो, तेव्हा पाने मोजण्याच्या ह्या रीतीने सत्य हाती लागत नाही. मग कोणत्या रीतीने लागते? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास आमच्या शेजारचेच एक उदाहरण आहे. ते म्हणजे कोल्हापूरजवळील वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी.

१९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनीने व १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएट रशियाने पोलंडवर चाल केली आणि तो देश वाटून घेतला. रशियाच्या वाट्यास आलेल्या भागातून १९४० व १९४१ या दोन वर्षांत लाखो माणसे, शेतकरी, शिक्षक, सरकारी नोकर, त्यांच्या बायकामुलांसह, आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आली. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर राजकारण फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला. कैद्यांस ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे कोणी सांगितले नव्हते, तरी सुटकेस माफी हाच शब्द वापरला गेला, हे आमच्या व्यवसायातील माणसाच्या मनास विशेष टोचते. १९४२ साली जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात उतरली. त्यांत सुमारे एकतृतीयांश बायका, मुले व वृद्ध होते. पुरुष सैन्यात गेले. उरलेल्यांस कोठे ठेवावे हा प्रश्न होता, आणि त्याचे एक उत्तर हिंदुस्थान हे ठरले.

त्या वर्षी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांस ठाव दिला. तेथे किती मुले राहिली, याचे आकडे सहाशेपासून हजारापर्यंत दिले जातात, आणि कौतुकाचे लेख जसजसे वाढले तसतसे मोठ्या आकड्याचे वजन वाढले. मोठी वसाहत झाली ती वळिवड्यास, १९४३ साली. मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत उभारलेल्या बराकींत सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४८ पर्यंत राहिली.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस प्राप्त आहे. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांस आश्रय दिला’ असे आपण सर्रास म्हणतो. १९४३ साली गादीवर होते ते अल्पवयी बालराजे. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरातच निवर्तले होते. राज्याचा कारभार रीजन्सीच्या हाती होता व तिच्यामागे इंग्रज रेसिडेंट उभा होता. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशी, आणि त्या सरकारची तिजोरी ब्रिटिश कर्जावर चाले. कोल्हापूर संस्थानची जागा व रयतेचा शेजार हे खरे; पण दान कोणाचे, पुण्य कोणाचे व कर्ज कोणाच्या माथी, ही तीन खाती वेगवेगळी लिहिली पाहिजेत. असे लिहिल्याने कोल्हापूरकरांचे मोठेपण उणे होत नाही. ज्या रयतेने भाषा, धर्म व अन्न यांतले काही एक जुळत नसताना पाच वर्षे ह्या लोकांस शेजारी म्हणून वागविले, तिचे नाव कोणत्याच खात्यावर नाही, एवढेच त्यावरून दिसते.

आता छावणीची पारख. जीव वाचले, हे पहिले. सैबेरियातून व मध्य आशियातून उपासमार, विषमज्वर, आमांश भोगून आलेली ही माणसे होती. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. परंतु वळिवड्याचा विशेष केवळ औषधपाण्यात नव्हता. कुटुंबागणिक खोल्या व आपली चूल अशी व्यवस्था तेथे होती. शाळा, चर्च, रुग्णालय, नाटकगृह, बालवीरांची पथके, सारे पोलिश लोकांनी स्वतः चालविले. मूल छावणीत आले ते शाळेत गेले, आणि शाळा पोलिश भाषेत होती. निर्वासितास जेव्हा थाळी घेऊन रांगेत उभे राहावे लागते तेव्हा तो आश्रित असतो. आपल्या चुलीवर आपण काय शिजवावे हे जेव्हा त्याची गृहिणी ठरविते तेव्हा तो पुन्हा गृहस्थ होतो. हा फरक कोणत्याही जमाखर्चात रकमेने दाखविता येत नाही, पण पुढील पिढीत तो दिसतो. वळिवड्यास वाढलेल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये आपली संघटना काढली, आठवणी व कागदपत्रे जमवून ग्रंथ सिद्ध केला, आणि वार्धक्यातही ते कोल्हापुरास येत राहिले. आश्रितांनी स्वतः लिहिलेला अहवाल फार थोड्या छावण्यांच्या वाट्यास येतो.

खर्चाच्या बाजूस मात्र एक जड नोंद आहे. ज्या वर्षी वळिवड्याच्या बराकी उभ्या राहिल्या त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळाने वीस ते तीस लाख माणसे मेली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रह्मदेशातून जपानी सैन्यापुढे पळत आलेले हिंदी लोक, काही लाख, आसाम व मणिपूरच्या डोंगरांतून पायी आले. वाटेत हजारो गेले, आणि गोऱ्यांस एक वाट व काळ्यांस दुसरी असा भेद झाल्याची तक्रार त्याच वेळी जाहीरपणे झाली. राज्यकर्ते तेच होते. तेव्हा वळिवड्याची व्यवस्था चांगली होती, असे म्हणताना ती एवढी चांगली का होऊ शकली, हेही विचारावे लागते. तिच्या पाठीशी एक मित्रराष्ट्र होते, त्याचा वकील होता, त्याचे खाते होते. ब्रह्मदेशातून परतलेल्या मजुराच्या पाठीशी यांतले काहीच नव्हते. ह्यात पोलिश विधवांचा दोष तिळमात्र नाही. परंतु मदतीची पारख करणारा जर फक्त छावणीच्या कुंपणाआत पाहील, तर न्याय झाला की नाही हे त्यास कधीच कळणार नाही.

आणि ते राष्ट्राचे पाठबळ तरी कितीसे टिकले? १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे पोलंडची पूर्वेकडील भूमी रशियाकडे राहील असे ठरले. वळिवड्यातील बहुतेकांची घरे त्याच भूमीत होती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. एका सकाळी पाच हजार माणसांचे सरकारच कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. छावणी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे, ‘अन्रा’कडे, गेली व मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे. थोडे लोक पोलंडास परतले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा असे पांगले. अन्न, शाळा, औषध यांत उत्तीर्ण झालेली ही छावणी ‘पुढे काय’ ह्या प्रश्नापाशी सर्वस्वी परस्वाधीन होती. निर्वासितांचे हक्क सांगणारा जिनिव्हाचा करार १९५१ साली झाला. त्यावर भारताने आजतागायत सही केलेली नाही.

आमच्याच देशाने पुढे याहून कितीतरी मोठी कसोटी पाहिली. १९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे ९९ लाख माणसे भारतात आली. टपालावर पाच पैशांचा ‘शरणार्थी सहायता’ कर बसला, तो अनेक वाचकांस आठवत असेल. त्या वर्षी बनगाव येथे पटकीची साथ उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीश यांनी एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या करवून रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिल्या. आईने मुलास ते पाणी घोटघोट पाजावे, इतकेच. पूर्वी शेकडा तीसपर्यंत जाणारे मृत्यू तेथे शेकडा ३.६ वर आले. हे आपणांस आज सांगता येते, कारण त्या धांदलीतही त्यांनी नोंदी ठेवल्या व १९७३ साली त्या प्रसिद्ध केल्या. ह्या एका नोंदीने जगभरच्या छावण्यांतील उपचार बदलला.

नोंदींअभावी काय होते हे १९९४ च्या जुलैत झाइर देशातील गोमा येथे दिसले. रवांडातील वंशसंहारानंतर काही दिवसांत आठदहा लाख माणसे तेथे आली व पटकी-आमांशाने महिन्याभरात सुमारे पन्नास हजार मेली. संहार करणारे पुढारीच छावण्यांत धान्यवाटप ताब्यात घेऊन बसले. डोकी फुगवून सांगितली गेली, आणि जगाने पाठविलेले अन्न खुन्यांच्या पोटी गेले. अनेक देशांनी मिळून त्याची चौकशी केली, १९९६ साली पाच खंडांचा अहवाल आला. त्याचा मुख्य निष्कर्ष मदत देणाऱ्यांस कटू होता: राजकारणाने करावयाचे काम अन्नछत्राने होत नाही. त्यानंतर माणशी दररोज १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छप्पर अशी किमान मापे ठरली. मापे हवीतच, पण ह्या मापांनी वळिवडे मोजावयास गेल्यास तेथील शाळा व चूल हिशेबाबाहेरच राहील.

वळिवड्याच्या वहीचे शेवटचे पान अजून उघडे आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. ह्यांच्या मागे लंडनचे खाते नव्हते. त्यांनी फेरी करून कापड विकले, मग दुकाने थाटली, आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. बेळगाव, कोकण व गोव्याचे व्यापारी घाऊक कापडासाठी तेथे जातात. आपल्याकडील कित्येक घरच्या लग्नाचा बस्ता त्याच छावणीच्या जमिनीवरून आलेला आहे.