अक्रोडाचे चार पापुद्रे

साल 1720, लंडन. सेंट पॉल कॅथीड्रलचा नवाकोरा घुमट मागे टाकून तुम्ही शेजारच्या फर्निचरवाल्यांच्या वस्तीत शिरता. एका दारातून सरसाचा उग्र वास येतोय. आत चला.

कोपऱ्यात दोघे जण एकच करवत आलटून पालटून ओढताहेत. त्यांच्यामध्ये पकडीत घट्ट बसवलेला अक्रोडाचा ओंडका आहे. त्यातून निघतात ते दीड-दोन मिलिमीटरचे पापुद्रे. हात जरा हलला, की जाडी बिघडली आणि लाकूड वाया गेलं.

लाकूडही साधं नाही. झाडाच्या बुंध्यावर गाठ येते, तिच्यात असंख्य कळ्या आतल्या आत खुंटून राहतात आणि रेषा वाट फुटेल तशा फिरतात. या गाठीची खुर्ची केली तर मोडेल. म्हणून स्वस्त पाइनचं कपाट बांधायचं, खण ओकचे करायचे आणि दर्शनी बाजूला हा पापुद्रा चढवायचा. कुणी याला वरवरची सजावट म्हणेल. मला तर हा या लाकडाचा सर्वांत मोठा मान वाटतो.

मुख्य कारागिराजवळ उभे राहा. त्याने एकाच गाठीचे लागोपाठचे चार पापुद्रे घेतलेत. एक सरळ, दुसरा उलटा, मग खाली त्यांच्या प्रतिबिंबासारखे उरलेले दोन. तपकिरी आणि काळ्या वळणांचं चित्र चारी बाजूंनी आरशात दिसावं तसं जुळून येतं. तो एक पापुद्रा केसभर सरकवतो, मागे होऊन बघतो, पुन्हा सरकवतो. घाई नाही. एकदा चिकटला की संपलं.

आता गरम सरस, त्यावर पापुद्रा आणि वरून तापवलेली फळी. उष्णतेने सरस पातळ होतो, दाबाने जास्तीचा कडेने बाहेर येतो. सुकल्यावर नखाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर खाली हवा राहिली आहे.

शेवटचं रोगण हुंगा. स्पिरिटात विरघळलेली लाख! ती इथवर आली हिंदुस्थानातून, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून. लंडनच्या कपाटावरची ही झळाळी आपल्या रानांतल्या किड्यांची.

मालक मात्र काळजीत आहे. 1709 च्या जानेवारीत युरोप गोठला आणि फ्रान्समधली अक्रोडाची असंख्य झाडं मेली. नवं झाड ओंडका देण्याइतकं वाढायला माणसाची हयात जाते. उरल्यासुरल्यावर इतकी वर्षं निभावलं. यंदा फ्रान्सने अक्रोडाची निर्यातच बंद केली. व्हर्जिनियाचा काळा अक्रोड मिळतो, पण त्याची रेषा बहुधा सरळ, शांत. फ्रेंच गाठीची भूल त्याला नाही.

एक वर्ष पुढे या. 1721 मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. अशाच एका वसाहतीतली, जमैकाची महोगनी स्वस्त झाली. रुंद, एकसंध फळ्या, ज्यांना कीड सहसा लागत नाही. अक्रोड एका दिवसात हटला नाही. पुढची बरीच वर्षं दोन्ही लाकडं शेजारी नांदली. पण कारखान्यातलं काम बदलत गेलं. महोगनीच्या खुर्चीचा पाय भरीव लाकडातूनच कोरता येतो, म्हणून तिथे पटाश्यांना धार लागते आणि करवतीवरचे ते दोघे आता जाड फळ्या कापतात.