चिंचपाड्याची रुग्णसेवा
सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा (ता. नवापूर) येथे १९४२ साली मिशनऱ्यांनी, म्हणजे धर्मकार्यासाठी आलेल्या ख्रिस्ती सेवकांनी, रुग्णालय उभारले, तेव्हा भिल्ल-मावची वस्तीचा हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘डोंगरावरील प्रवचना’त, म्हणजे येशूच्या प्रसिद्ध उपदेशात, वैऱ्यावरही प्रीती करण्याची आज्ञा आहे, ती प्रार्थनामंदिरापेक्षा रुग्णशय्येपाशी अधिक कठीण ठरते, कारण क्षयाचे औषध अर्धवट सोडून खालावलेल्या अवस्थेत परतणाऱ्या, डॉक्टरवरच चिडणाऱ्या रुग्णालाही तितक्याच आस्थेने पुन्हा दाखल करून घ्यावे लागते आणि त्याच्या रागामागची भीती ओळखावी लागते. पुढे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय ख्रिस्ती संस्थेने रुग्णालयाची धुरा स्वीकारली.