सुताचा आहेर

आपल्याकडे लग्न हिंदूच्या घरचे असो की मुसलमानाच्या, मांडवाच्या दाराशी वही घेऊन एक गृहस्थ बसलेले असतात. पाकिटावरचे नाव वाचायचे, आतली रक्कम मोजायची आणि नोंद करायची, हे त्यांचे काम. पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडते आणि तितकाच, किंवा थोडा वरचढ आहेर परत जातो. हिशेब चोख असतो. पण कुणी रात्री जागून शिवलेली गोधडी, कुणी विणलेला रुमाल, कुणी जुन्या मऊ लुगड्याचे केलेले दुपटे घेऊन आले, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? आणि श्रीमंताच्या मांडवात अशी भेट पिशवीतून काढताना देणाऱ्याचा हात का अडखळतो?

या अडखळण्याची एक मोठी हकिकत इतिहासात आहे. तिच्यातला मांडव मात्र साधासुधा नव्हता.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप माउंटबॅटन यांचा विवाह झाला. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, तरी इंग्लंडात कापडापासून साखरेपर्यंत सारे रेशनवर होते. राजकन्येच्या पोशाखालाही कूपने लागली. देशभरातल्या बायकांनी आपापली कूपने तिला पाठवली. पण कूपन दुसऱ्याला देणे बेकायदा असल्याने ती साभार परत करावी लागली. भेटी मात्र अडीच हजारांहून अधिक आल्या. सेंट जेम्स राजवाड्यात त्यांचे प्रदर्शन भरले. हिरेमाणके होतीच, पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड सरकारने अननसाच्या डब्यांच्या ५०० पेट्या धाडल्या होत्या. इंग्लंडात म्हणे खायला काही उरलेले नाही, म्हणून अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या एका बाईने चक्क टर्की कोंबडा पाठवला होता.

भारतीय उपखंडातून गेलेल्या भेटींपैकी दोन शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली होती हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांची. आपला मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. त्यांनी लंडनच्या कार्तिये या जवाहिऱ्याला कळवले की वधूने स्वतः येऊन हवे ते निवडावे. तिने हिऱ्यांचा हार आणि मुकुट निवडला. निजामांना कशालाही हात लावावा लागला नाही. निरोप पुरला.

दुसरी भेट दिल्लीच्या बिर्ला भवनात राहणाऱ्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन हे नवरदेवाचे मामा. ते लग्नाला निघाले तेव्हा गांधीजींना काहीतरी द्यावेसे वाटले. पण आपले म्हणावे असे त्यांनी जवळ ठेवलेच नव्हते. माउंटबॅटन यांची कन्या पामेला यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार माउंटबॅटन म्हणाले, चरखा तर आहे ना? मग सूत काता आणि त्याचेच काही करून घ्या.

तसेच झाले. ९ नोव्हेंबरच्या पत्रात गांधीजींनी माउंटबॅटन यांना कळवले की ही लहानशी वस्तू माझ्या हातच्या दुहेरी सुताची आहे, विणकाम एका पंजाबी मुलीने केले आहे, आणि वधूवरांना सेवेचे दीर्घायुष्य लाभो. जाळीदार विणीचे ते सुती कापड. त्याच्या मधोमध अक्षरे विणली होती : 'जय हिंद'.

तारखा पाहा. स्वातंत्र्य तीन महिन्यांचेही झाले नव्हते. पंजाब पेटून निघाला होता. माणसांचे काफिले दोन्ही दिशांनी चालले होते. हे पत्र लिहिल्यावर तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. स्टुडिओतून केलेले त्यांचे ते एकमेव भाषण. अशा दिवसांत सातासमुद्रापलीकडच्या, ज्यांच्या राज्याशी आयुष्यभर झगडा केला त्यांच्या घरच्या लग्नाला आहेर पाठवायची आठवण राहणे, हीच मोठी गोष्ट होती.

लंडनला काय झाले? वधूची आजी, राणी मेरी, भेटी पाहायला आल्या. त्यांच्या सोबतिणीने, लेडी एअरली यांनी, आपल्या आठवणींत प्रसंग नोंदवला आहे. ते कापड म्हणजे गांधींचा पंचा, असेच राणीसाहेबांना वाटले आणि अशी असभ्य भेट पाहून त्यांना शिसारी आली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी पंचा नेसलेले गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात आले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. जवळ उभे असलेले फिलिप म्हणाले, मला यात वाईट काही दिसत नाही. गांधी हा फार थोर माणूस आहे. राणी मेरी गप्पपणे पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तेव्हा धाकटी राजकन्या मार्गारेट पुढे धावली आणि तिने ते कापड इतर भेटींच्या आड लपवले.

मला या हकिकतीत राणी मेरींपेक्षा मार्गारेटचे लपवणे जास्त ओळखीचे वाटते. तिच्या मनात दुष्टावा नव्हता, आजीचा संताप टाळायचा होता. आपल्या मांडवातही हेच होते. पितळी भांडी, चांदीचे ताट पुढे मांडले जाते. कुणा दूरच्या मावशीने विणलेले तोरण कुणीतरी हळूच टेबलाखाली सरकवते.

आणखी एक गोष्ट आहे. १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंचे लग्न झाले, तेव्हा वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी त्या नेसल्या. साऱ्या देशाने कौतुक केले, आणि ते रास्तच होते. पण आनंद भवनातल्या खादीला आपण साधेपणा म्हणतो आणि झोपडीतून आलेल्या गोधडीला गरिबी. वस्तूत फरक नसतो. ज्याला दुसरे काही देता आले असते त्याचा साधेपणा शोभून दिसतो. ज्याला देता येत नाही, त्याने मान खाली घालावी अशी अपेक्षा असते. गांधीजींच्या भेटीचे मोल मला इथे वाटते. त्यांनी मान खाली घातली नाही, दिलगिरीही कळवली नाही. उलट कापडाच्या मधोमध आपल्या देशाचा जयजयकार विणून पाठवला. गरिबाची भेट श्रीमंताच्या भेटीची नक्कल करायला गेली की केविलवाणी होते. आपल्या घरचीच राहिली तर ताठ उभी राहते.

पुढे काळाने आपला हिशेब केला. निजामांच्या मुकुटातले हिरे १९७३ मध्ये काढून दुसऱ्या मुकुटात बसवले गेले. हार अजून राजघराण्यात वापरला जातो. आणि ते सुती कापडही जपून राहिले. २०१५ च्या नोव्हेंबरात भारताचे पंतप्रधान बकिंगहॅम राजवाड्यात जेवायला गेले, तेव्हा राणी एलिझाबेथ यांनी त्यांना ते मुद्दाम दाखवले. लग्नाला अडुसष्ट वर्षे होत आली होती.

गांधीजींचे नाव होते म्हणून ते टिकले, असे कुणी म्हणेल. खरे आहे. नाव नसलेल्यांच्या भेटी टिकवणे हे घेणाऱ्याच्याच हाती असते. म्हणून मला राहून राहून त्या पंजाबी मुलीची आठवण येते. पत्रात तिचे नाव नाही. सूत महात्म्याचे होते. पण एकेक टाका मोजून, एकही न चुकवता 'जय हिंद' उमटवले ते तिच्या बोटांनी. तिचा पंजाब त्याच दिवसांत दुभंगत होता. अशा वेळी कुण्या परक्या मुलीच्या लग्नासाठी ती जाळी विणत बसली होती.