दिवाळीचा बांबू, संक्रांतीचा कागद

डिसेंबरचा पंधरवडा सरत आला की नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबाग, मार्टिननगर या भागांत घराघरांवर कागदी तारे चढू लागतात. कुणाच्या गॅलरीच्या गजाला, कुणाच्या गच्चीवरच्या काठीला, कुणाच्या फाटकाशेजारच्या कडुनिंबाला. पाच टोकं आणि पोटात दिवा. चोवीस तारखेच्या रात्री सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलकडे मिस्साला निघालेली कुटुंबं याच ताऱ्यांखालून जातात आणि नुसती रोषणाई बघायला लेकरांना घेऊन आलेले इतर नागपूरकरही. जर्मनीत शिकायला, नोकरीला गेलेली इथलीच मुलं त्याच आठवड्यात तिकडच्या नाताळ बाजारांचे फोटो घरी पाठवत असतात. लाकडी दुकानांच्या रांगा, वर दिव्यांच्या माळा आणि चहूबाजूंनी टोकं आलेला एक झगमगता तारा. तो तारा आणि मोहननगरचा तारा एकाच गोताचे. पण मोहननगरचा तारा त्याची नक्कल नव्हे. त्याचं निम्मं कुळ इथलंच आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

तिकडची शाखा आधी पाहू. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनपासून पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर हेर्नहूट नावाचं लहान गाव आहे. मोरावियातून धर्मछळाला कंटाळून आलेल्या लोकांनी १७२२ मध्ये झिंझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर ते वसवलं. हे मोरावियन बंधू मोठे फिरस्ते. थोड्याच वर्षांत त्यांचे मिशनरी वेस्ट इंडीज, ग्रीनलंड, सुरिनामपर्यंत पोचले. भारतातही आले. १७६० मध्ये तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या डॅनिश त्रांकेबारला, पुढे १८५६ मध्ये लाहौलमधल्या केलाँगला आणि १८८५ मध्ये लेहला. आईबाप असे जगाच्या टोकाला, आणि मुलं मागे जर्मनीत, पंथाच्या वसतिशाळांत. हेर्नहूटजवळच्या नीस्की गावात अशीच एक मुलांची शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे भूमितीच्या तासाला कागदाचे पिरॅमिड करून त्यांचा तारा जोडायला शिकवू लागले. हेतू होता घनाकृती हाताला कळावी हा. मुलांनी ते सुट्टीत घरी, नातेवाइकांकडे नेलं आणि नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, आत दिवा ठेवून तो तारा टांगायची रीत पडली. आईवडील समुद्रापार असलेल्या मुलांनी वहीच्या गणिताचा असा दिवा करावा, यात मला त्या ताऱ्याचं खरं मोल दिसतं.

त्या ताऱ्याची रचना ठरीव आहे. मधे सव्वीस पृष्ठांचा गाभा असतो, अठरा चौकोनांचा आणि आठ त्रिकोणांचा. एक चौकोन दिव्यासाठी मोकळा सोडायचा आणि उरलेल्या पंचवीस पृष्ठांवर पंचवीस टोकं बसवायची. एवढा तारा दरवर्षी जोडायचा म्हणजे चिकाटीचं काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीटर हेंड्रिक फर्बेक या त्याच शाळेत शिकलेल्या पुस्तकविक्रेत्यानं सुटी टोकं पत्र्याच्या गाभ्यावर सरकवून बसवता येतील अशी युक्ती काढली, आणि शाळेतली हस्तकला दुकानात आली. १९२५ मध्ये त्याच्या मुलानं हेर्नहूटला ताऱ्यांची कंपनी काढली. ती आजही चालू आहे. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हेर्नहूटचं नाव चढलं, आणि ते ज्या बैठकीत चढलं ती भरली होती नवी दिल्लीत.

ज्या बाजारांत हा तारा विकला जाऊ लागला ते त्याच्याहून फार जुने. ड्रेस्डेनच्या स्ट्रिट्झेलमार्क्टची पहिली नोंद १४३४ ची. नाताळाच्या आदल्या दिवशी मांसाचा खुला बाजार भरवायला सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं दिलेली ती परवानगी होती. आगमनकाळ हा उपासाचा काळ, आणि उपास सुटताना घरात मांस यावं म्हणून हा एका दिवसाचा बाजार. त्या उपासात लोणीसुद्धा वर्ज्य असे. सॅक्सनीच्या लोकांना नाताळच्या पावात लोणी घालायची मुभा पोपनं दिली ती १४९१ मध्ये. आज ज्याला आपण नाताळ बाजाराची चमकधमक म्हणतो तिच्या मुळाशी उपासकरी माणसांची भूक आहे. दिवे, खेळणी, तारे हे सगळं त्यावर मागाहून चढलं. विजेचे दिवे तर अगदीच अलीकडचे. २२ डिसेंबर १८८२ रोजी एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कला आपल्या घरच्या नाताळवृक्षावर लाल, पांढरे, निळे असे ऐंशी दिवे लावले, तिथून विजेच्या माळांची गोष्ट सुरू होते.

आता नागपूर. इथे एक समजूत बाजूला सारावी लागते. ‘मिशनरी आले आणि नाताळ घेऊन आले’ असं सरसकट म्हटलं जातं. नागपुरात ते तसं घडलेलं नाही. मध्य भारतात आधी बर्लिनचे पाद्री गोसनर यांनी १८४१ च्या सुमारास पाठवलेले जर्मन मिशनरी अमरकंटकजवळच्या करंजियात गोंडांमध्ये काम करायला आले. वर्ष दीड वर्षात त्यांतले चौघे पटकीनं दगावले आणि ते काम मोडलं. त्या वेळी तारा नीस्कीच्या वर्गाबाहेर फारसा पडलेलाही नव्हता. मग १८४५ मध्ये आले स्टीफन हिस्लॉप. शाळा काढणारे, गोंडांची गाणी-कथा टिपून घेणारे, विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा करणारे हिस्लॉप. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं. नागपूरवर त्यांचे उपकार मोठे आहेत. पण ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळी नाताळ साजराच करत नसत. बायबलमध्ये सांगितलेला नाही म्हणून स्कॉटलंडच्या संसदेनं १६४० मध्ये नाताळची सुट्टी मोडीत काढली होती. तिथे पंचवीस डिसेंबर पुन्हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये. हिस्लॉप यांच्या दारावर तारा लागला असेल असं मला बिलकूल वाटत नाही.

नागपूरचा नाताळ आला तो दुसऱ्या वाटांनी. एक वाट कामठीची. १८२१ मध्ये तिथे छावणी पडली. फौज मद्रासची. तिच्याबरोबर गोरे सैनिक आले तसे तमिळ, तेलुगू बोलणारे ख्रिस्ती शिपाई, बाजारकरी, खानसामेही आले. दुसरी वाट सदरची. ऑल सेंट्स हे अँग्लिकन चर्च १८५१ चं, आणि १९०३ मध्ये आयर चॅटरटन हे नागपूरचे पहिले बिशप झाले तसं ते कॅथेड्रल ठरलं. तिसरी वाट कॅथलिकांची. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतालगतच्या आन्सी गावात १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून मध्य भारतात पसरले. १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा कॅथलिक धर्मप्रांत झाला. कॅथलिक घरात नाताळला गव्हाणी मांडतात. गवताचं छप्पर, बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, आणि छपरावर तारा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या मागी लोकांना, म्हणजे ज्ञानी पुरुषांना, वाट दाखवणारा तो तारा. गव्हाणी घरात, तर तिची खूण दाराबाहेर.

आणि चौथी वाट लोहमार्गाची. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे नागपूरला पोचली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वे निघाली. अजनी, खलाशी लाइन या भागांत ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशी अँग्लो-इंडियन, गोवेकर, दक्षिणी कुटुंबं राहू लागली. गोव्यात नाताळच्या कागदी ताऱ्याला ‘नखेत्र’ म्हणतात आणि अजूनही गावोगाव त्यांच्या स्पर्धा होतात. ज्या घरात नखेत्र बांधायची सवय आहे ते घर बदली होऊन कुठेही गेलं तरी डिसेंबरात हात स्वस्थ बसत नाहीत.

पण तारा बांधायचा कशाचा? पंचवीस टोकांचा पत्र्याचा गाभा नागपुरात कुठून येणार? इथे कुळाची दुसरी शाखा सुरू होते. कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावण्याचा विधी निर्णयसिंधू, धर्मसिंधू अशा ग्रंथांत आहे. आपला दिवाळीचा आकाशकंदील त्याच कुळातला, आणि तो बांधायचा तो बुरडाकडच्या कामट्यांवर. विदर्भात बांबूला तोटा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलांतला बांबू सुपं, टोपल्या, तट्टे विणायला शहरात येतोच. कागदाचीही तीच गोष्ट. नागपूरकराला पतंगाचं वेड, त्यामुळे संक्रांतीच्या तयारीला पतंगी कागदाचे ताव डिसेंबरातच इतवारीच्या दुकानांत लागलेले असतात. दिवाळी नुकती गेलेली, संक्रांत तोंडावर. या दोन्हींच्या मधे नाताळ येतो. दिवाळीचा उरलेला बांबू आणि संक्रांतीचा आलेला कागद घेऊन मोहननगरचा तारा उभा राहिला.

धर्म बाहेरून आला तरी त्याचं रूप इथल्या हातांनी घडलं, हे मराठी ख्रिस्ती जीवनात इतरत्रही झालं आहे. नागपुरात धनिक बुटींच्या आश्रयानं राहिलेले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मराठी उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवलं. टिळकांनी ते जाणूनबुजून, विचार करून केलं. ताऱ्याच्या बाबतीत ते कुणीही न ठरवता झालं, आणि माझ्या मते ते त्याहून कमी मोलाचं नाही. फिलिपाइन्समध्येही असंच घडलं. तिथला पाच टोकी ‘पारोल’ बांबू आणि तलम कागदाचाच. १९०८ मध्ये पाम्पांगा प्रांतातल्या एका कारागिरानं तो पहिल्यांदा बांधला, असं तिथे मानतात.

नागपुरी ताऱ्याचं बांधकाम जवळून पाहण्यासारखं आहे. सारख्या मापाच्या दहा कामट्या लागतात. दोन फुटांची कामटी घेतली तर ताराही दोन फूट रुंद होतो. पाच कामट्या एकमेकींच्या वरखालून घालून पाच टोकं साधायची. पाटीवर आपण हात न उचलता जी चांदणी काढतो तीच ही. टोकं दोऱ्यानं आवळायची. अशा दोन चांदण्या झाल्या की त्या एकमेकींवर ठेवून फक्त टोकांशी बांधायच्या. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, चार-पाच इंचांचे आडवे तुकडे दोन चांदण्यांच्या मधे दाबून बसवायचे. त्या क्षणी सपाट सांगाड्याला पोट येतं, कामट्या ताणल्या जातात आणि सगळी चौकट आपल्याच ताणानं घट्ट होते. इथे चूक झाली तर कामटी नेमकी पेरावर मोडते. म्हणून पेर गुळगुळीत तासलेली, जरा ओलसर कामटी हवी. जाणता बुरड ती न सांगता निवडून देतो.

पुढचं काम कागदाचं. नीट मोजलं तर या ताऱ्याला बावीस तुकडे चढतात. पुढून पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागून तेवढेच, आणि बाजूंचे दहा निमुळते त्रिकोण. खालचा एक बाजूचा तुकडा मोकळा ठेवायचा, दिवा आत सोडायला. चिकटवायला मैद्याची खळ. कागद ताणून लावायचा नाही, कारण खळ सुकताना तो आपणच आवळतो. पूर्वी आत पणती किंवा मेणबत्ती असे आणि वारा आला की तारा पेटायचा. मग पिवळा बल्ब आला. तोही तापतो, म्हणून पोट मोठं ठेवायचं. आता एलईडी तापत नाही. कागदी ताऱ्याला इतका सोयीचा दिवा आजवर मिळालेला नव्हता. आणि नेमक्या याच काळात हातचे तारे कमी होत चालले आहेत. घडी उघडली की तयार होणारे चकचकीत छापील तारे स्वस्तात मिळतात आणि आठवड्याभरात कचऱ्यात जातात.

नागपूरच्या डिसेंबरला नाताळाचा सगळा साज आपसूक मिळालेला आहे. युरोपात नाताळच्या मोज्यात मुलांसाठी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे, आणि आपल्याकडे त्याच आठवड्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग हातगाड्यांवर असतात. थंडीही उसनी आणावी लागत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा थंडीत सदरच्या गल्लीतून फिरताना छापील ताऱ्यांच्या रांगेत एखादा बांबूचा तारा दिसला की तो लगेच ओळखू येतो. कागदातून कामट्यांची सावली दिसते आणि उजेड मऊ असतो.

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, यंदा एक तारा घरी बांधा. बुरडाकडून दहा कामट्या आणा, इतवारीतून चार ताव आणा, लेकरांना बरोबर घेऊन बसा. मोहननगरला कुणाकडे अजून हातचे तारे होत असतील तर त्या घरी जाऊन गाठ मारायची रीत शिकून घ्या. सहा जानेवारीच्या मागी लोकांच्या सणानंतर तारा उतरवायचा असतो. तेव्हा कागद काढा, सांगाडा माळ्यावर ठेवा आणि पुढच्या दिवाळीला त्यावरच नवा कागद चढवून आकाशकंदील करा.