शाहूपुरी (कोल्हापूर)

कोल्हापुरातील व्यापारी पेठ. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1895 मध्ये वसवली. अंबाबाईचे देऊळ आणि भवानी मंडप यांच्याभोवती दाटीने वाढलेल्या जुन्या गावाच्या पूर्वेला, रेल्वे स्थानकाच्या जवळ. सार्वभौम सत्तेखाली मांडलिक शहराच्या सार्वजनिक जागा कशा पालटतात, याचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण आहे.

ब्रिटिश वर्चस्वाची खूण कोल्हापुरात आधी इमारतींवर उमटली. टाउन हॉल (1872–76) आणि नवा राजवाडा (1877–84) यांचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचे. पैसा संस्थानचा, कल्पना बऱ्याच अंशी साहेबाची. 1891 मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि शहराचे तोंडच पूर्वेला फिरले. पुढच्या चार वर्षांत शाहू महाराजांनी याच बाजूला पेठ आखली. जुन्या गावातल्या वळणावळणाच्या बोळांऐवजी येथे सरळ रस्ते आले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे क्रमांकच त्यांची नावे झाली. पेठेचा मुख्य आधार गूळ. पंचगंगा-भोगावती खोऱ्यातल्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे बैलगाडीने येत, अडत्यांकडे सौदे निघत आणि माल रेल्वेने बाहेर जाई. रेल्वे साम्राज्याच्या काळाची देणगी, पण तिच्या शेजारी बाजार बसवण्याची दूरदृष्टी छत्रपतींची; पेठेचे खरे मोल यातच आहे. गुळाचा घाऊक व्यापार नंतर मार्केट यार्डात गेला.

रोमन अमलाखालच्या अथेन्सशी याचे साम्य लक्षणीय आहे. तेथेही जुन्या अगोराच्या (नगरचौकाच्या) पूर्वेला सीझर व ऑगस्टस यांच्या पैशातून नवा बाजार उभा राहिला. त्याच्या प्रवेशद्वारावर सम्राट हेड्रियनचा तेलविषयक कायदा कोरलेला आहे : ऑलिव्ह पिकवणाऱ्यांनी तेलाचा किती हिस्सा नगराला द्यायचा, हे त्यात ठरवून दिले होते. जुन्या अगोराची मोकळी जागा मात्र भरत गेली. इ. स. पू. 15 च्या सुमारास ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने तिच्या ऐन मध्यावर भव्य सभागृह बांधले. एरीसचे देऊळ दुसरीकडून दगड-दगड सुटा करून आणून तेथे पुन्हा उभारले गेले. नगरसभेच्या वादविवादांसाठी ख्यात असलेल्या शहरात लोकांच्या एकत्र येण्याची जागा अशी स्मारकांनी व्यापली, ही गोष्ट मनाला लागते. अॅक्रोपोलिसच्या दारातल्या एका उंच चौथऱ्यावर पर्गमॉनच्या राजघराण्याचे शिल्प होते. तेथे पुढे अग्रिपाचा पुतळा आला. चौथरा तोच, नाव नवे.

कोल्हापुरात रोमचा प्रभाव थेटही आला. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले. त्यावरून सुचलेले खासबाग कुस्ती मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. मधला आखाडा आणि त्याभोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने मागच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. रोममध्ये ज्या घडणीत रक्त सांडले, त्याच घडणीत येथे तांबड्या मातीतली कुस्ती बसवली गेली. उसनी घेतलेली रचना इतकी आपलीशी झाल्याचे दुसरे उदाहरण शहरात नाही.

अथेन्ससारखा चौथऱ्याचा प्रश्न कोल्हापुरातही उद्भवला. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा शहरात भर चौकात बसवण्यात आला होता. 1942 च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट व जयाबाई हाविरे यांनी तो विद्रूप करण्याचे धाडस केले. 1943 मध्ये क्रांतिकारकांनी तो फोडला. 1945 मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. तो घडवला बाबूराव पेंटर यांनी. अथेन्समध्ये सत्तेने नाव बदलले, कोल्हापुरात ते लोकांनी बदलले. पुतळ्याचा हा चौक म्हणजेच आजचा शिवाजी चौक. लक्ष्मीपुरीकडून शाहूपुरीत येताना जयंती नाल्यावर लागणारा पूल मात्र अजून विल्सन पूल म्हणूनच ओळखला जातो.